पाठमोऱ्या हिरोचं वाक्य

चिन्मय आणि रेवा,

तुमच्या आईनं तुम्हाला देवनागरी वाचायला शिकवलं, ते चांगलं केलं. सावकाश वाचा, अडलं तर तिला विचारा. हा लेख आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात छापून येईल, पण लिहिते आहे तुम्हालाच. 'आपल्या कामाबद्दल लिहा' म्हणून संपादक तीन वर्षं माझ्या मागे होते आणि मी टाळत होते. यंदा टाळलं नाही, त्याचं कारण चिन्मय आहे.

चिन्मय, गेल्या महिन्यात तू व्हिडिओ कॉलवर म्हणालास, "आजी, सुपरहिरोच्या मालिका आता संपल्या. सगळा कचरा झालाय." इथपर्यंत ठीक होतं. मग तू हसून पुढे म्हणालास, "खरं सांगू? तुझ्या वेळच्याही अशाच असणार, तुम्हाला कळत नव्हतं इतकंच. त्यातून हिंदीत डब केलेल्या!" रेवानं तुला कोपरानं ढोसलं, ते मला स्क्रीनवर दिसलं. मी 'जेवलात का' विचारून विषय बदलला. आता बदलणार नाही.

ग्वाल्हेरला माधवगंजात, खिडकीशेजारच्या टेबलावर बसून, मी वीस वर्षांहून अधिक काळ उडणाऱ्या, भिंतीतून आरपार जाणाऱ्या आणि हाताच्या तळव्यातून वीज सोडणाऱ्या माणसांना हिंदी बोलायला लावलं. तुम्हाला आजी शाळेतून निवृत्त झालेली इंग्रजीची शिक्षिका म्हणून माहीत आहे. तेही खरंच. पण मी निवृत्त झाल्यावर माझी एक जुनी विद्यार्थिनी, नीलम, मुंबईच्या एका डबिंग स्टुडिओत लागली होती, तिनं फोन केला. "मॅम, आपकी इंग्लिश और लश्कर वाली हिंदी, दोनों चाहिए." लश्कर म्हणजे ग्वाल्हेरचा आमचा भाग, सैन्य नव्हे. मला वाटलं होतं, एखाद-दुसरा माहितीपट असेल. कुरिअरनं पाकीट आलं, त्यातली व्हिडिओ कॅसेट लावली, आणि पडद्यावर लाल चड्डीतला एक माणूस इमारत उचलत होता. तुमचे आजोबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "हा तुझा माहितीपट का?"

काम काय असतं ते आधी सांगते, कारण लोकांना वाटतं इंग्रजी वाक्याचं हिंदी केलं की झालं. तेवढं असतं तर माझा आठवीचा वर्गसुद्धा ते करू शकला असता. डबिंगचं वाक्य अर्थाला जुळावं लागतं, वेळेला जुळावं लागतं आणि ओठांना जुळावं लागतं. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावरचा माणूस 'स्टॉप' म्हणाला की शेवटी त्याचं तोंड मिटतं. त्याच्यावर 'रुको' ठेवलं तर मिटलेल्या तोंडातून आवाज बाहेर येतो, आणि बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी काहीतरी खोटं आहे एवढं कळतं. तिथे मी 'थम' लिहायची. असं प्रत्येक वाक्याचं. टेबलावर लहान आरसा ठेवायचा, टीव्हीचा आवाज बंद करायचा, आणि पडद्यावरच्याबरोबर आपण तोंड हलवायचं. आजोबा स्टॉपवॉच धरून बसायचे. "आज कुणाचा जबडा लावलायस?" असं ते रोज विचारायचे आणि रोज स्वतःच हसायचे.

वहीत मी तीन खुणा करायची. ओठ मिटले की लाल ठिपका. श्वास घेतला की उभी रेघ. आणि बोलणारा पाठमोरा असला, किंवा तोंडावर मुखवटा असला, की निळं वर्तुळ. निळं वर्तुळ म्हणजे आमच्या धंद्यातली सुट्टी. ओठ दिसत नाहीत, मग हवं ते लिहा, हवं तेवढं लिहा. मूळ भागात तो माणूस गप्प उभा असला तरी त्याच्या पाठीवर वाक्य चिकटवता येतं. कुणाला पत्ता लागत नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक या निळ्या वर्तुळात झाली. ती आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

पहिल्याच वर्षीची मालिका. हिरो एक पोरगेलासा तरुण, त्याचे वडील पहिल्या भागात स्फोटात नाहीसे झालेले. भागाच्या शेवटी तो गच्चीवर पाठमोरा उभा राहतो. वारा, फडफडणारा झगा, बाकी काही नाही. मला ते फार रिकामं वाटलं. मी शिक्षिका, रिकामी जागा दिसली की भरायची सवय. मी त्याच्या पाठीवर लिहिलं, "पिताजी, आपका बदला मैं ज़रूर लूँगा." स्टुडिओत सगळ्यांना आवडलं. नीलमनं मुद्दाम फोन करून सांगितलं, रेकॉर्डिंग करणारा टाळ्या वाजवत होता म्हणून. मी दोन दिवस हवेत होते.

आम्हाला भाग एकेक करून यायचे. पुढे काय आहे, ते आम्हालाही प्रेक्षकांइतकंच ठाऊक. पाचव्या भागाची कॅसेट लावली, तर वडील जिवंत. जिन्यावरून खाली येतात, आणि मुलगा त्यांना मिठी मारून इंग्रजीत म्हणतो, मला माहीत होतं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं की तुम्ही आहात. गच्चीवर तो वडिलांची वाट बघत उभा होता! आणि मी त्याला बदल्याची शपथ घ्यायला लावली होती. पहिला भाग तर प्रसारित होऊन गेलेला. मग मी काय करावं? 'मुझे पता था'च्या जागी 'मुझे शक था' लिहिलं. पुढच्या भागात त्याला साजेसं आणखी एक वाक्य बदललं. मालिका संपेपर्यंत इंग्रजीतला बापावर विश्वास ठेवणारा मुलगा माझ्या हिंदीत संशयी होऊन बसला.

आमच्याकडे तेव्हा रामकली नुकतीच स्वयंपाकाला लागली होती. माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान, मुरारकडच्या खेड्यातली, शाळा न पाहिलेली. ती भाजी निवडायला टीव्हीसमोर बसायची. तो पाचवा भाग लागला आणि ती म्हणाली, "दीदी, जे लड़का बाप से मिल के खुश काहे नहीं हुआ?"

मी म्हटलं, "हुआ तो. गले लगा न."

"गले लगा, पर बोली में खोट है."

तिला निळ्या वर्तुळाबद्दल काहीही माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी दोन नियम केले. एक, कुठलाही भाग पाठवण्याआधी रामकलीला वाचून दाखवायचा. दोन, मूळ भागात जिथे शांतता असेल तिथे जागा कोरी सोडायची नाही. कोरी जागा दिसली की स्टुडिओत कुणीतरी ती भरतंच. म्हणून मी शांतता संवादासारखी लिहायला लागले. रकान्यात पात्राचं नाव, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ आणि संवादाच्या जागी: 'चुप है.' सुरुवातीला रेकॉर्डिंगवाले गोंधळले. एका नटानं तर माईकसमोर 'चुप है' असं खणखणीत आवाजात म्हणून टाकलं. पुढे त्यांना सवय झाली. 'मॅडम की चुप्पी' म्हणायचे ते.

आता चिन्मय, तुझ्या कचऱ्याबद्दल.

जुन्या मालिका सोन्याच्या होत्या असं मी म्हणणार नाही. राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसायची. हिरोनं फोडलेली भिंत पुढच्या भागात पुन्हा उभी असायची. मुलांच्या एका चॅनलनं तर आम्हाला 'मरना', 'मारना', 'मौत', 'ख़ून' हे सगळे शब्द बंद केले होते. त्यामुळे अख्खं शहर उडवायला निघालेला खलनायक, तोफेवर हात ठेवून, 'मैं सबको सबक़ सिखाऊँगा' म्हणायचा. रामकली म्हणाली होती, "इत्ती बड़ी तोप ले के मास्टरी करेगा?" मी तेव्हाही हसले, आताही हसते.

तू म्हणतोस, तीच तीच गोष्ट झाली आहे. होऊ दे की. तुम्ही दोघं लहानपणी सुट्टीत आलात की कोल्ह्याची एकच गोष्ट रोज ऐकायचात, आणि मी एक शब्द बदलला तर रेवा रडायची. तीच गोष्ट असण्यानं गोष्ट बिघडत नाही. तू म्हणतोस, फार मालिका झाल्या. माधवगंजात मिठाईची दुकानंही फार झाली आहेत. वाईट पेढा वाईट आहे तो शेजारच्या दुकानामुळे नाही.

तरी दर्जा उतरला आहे का? काही बाबतीत, हो. मी आतून बघितलं आहे, म्हणून कुठे उतरला ते बोट ठेवून सांगते. माझ्या जुन्या वह्या काढून बघा. 'चुप है' प्रत्येक पानावर आहे. अलीकडच्या वह्यांमध्ये पानंच्या पानं उलटा, एखादं सापडेल. आता हिरो दार उघडताना सांगतो की मी दार उघडतो आहे. रडणारी बाई सांगते की मला रडू येतंय. नीलमनं कारण सांगितलं होतं, "मॅम, लोग मोबाइल देखते-देखते देखते हैं. कान से समझ में आना चाहिए." म्हणजे बघणारा बघत नाही असं बनवणाऱ्यानं आधीच धरून चाललंय. ज्या माणसाला तुम्ही मूर्ख समजता त्याच्यासाठी चांगलं काम होत नाही. हे मी शाळेतही पाहिलं होतं. वर्गाला ढ समजणाऱ्या बाईंचा तास सगळ्यात कंटाळवाणा असायचा.

पण 'सगळा कचरा' हे मला मान्य नाही, आणि का नाही, ते गेल्या हिवाळ्यात जे घडलं त्यावरून सांगते.

तोवर कामाची पद्धत बदलली होती. आधी यंत्र हिंदी करायचं, मग ते माझ्याकडे 'ज़रा देख लीजिए' म्हणून यायचं. नीलम आता स्टुडिओत मोठ्या जागेवर होती, आणि मालिका दाखवणाऱ्या कंपनीशी तीच बोलायची. मालिकेची नायिका पन्नाशीची बाई, रेल्वेचा पूल एका हातानं पेलणारी. सातव्या भागात ती सगळं शहर वाचवून, खरचटलेली, धुळीनं माखलेली, आईकडे जाते. आईची आठवण गेलेली आहे. ती टेबलाशी मटार सोलत बसली आहे. मुलीकडे बघते आणि परक्या बाईला द्यावी तशी खुर्ची दाखवते. मुलगी आपल्याकडे पाठ करून बसते, आणि तीही मटार सोलायला लागते. अकरा सेकंद. मूळ भागात कुणी बोलत नाही.

यंत्रानं इथे काही लिहिलं नव्हतं. कंपनीनं लिहिलं होतं. सूचना होती की एवढी शांतता आली तर हिंदी प्रेक्षक पुढे सरकवतो, म्हणून पाठीवर मनातलं वाक्य घालावं. वाक्यही दिलेलं होतं: "माँ, सबको बचा लिया मैंने, बस तुम्हें नहीं बचा पाई."

खरं सांगते, वाक्य वाईट नव्हतं. पहिल्या वर्षी मला सुचलं असतं तर मी आठवडाभर हवेत राहिले असते.

मी नीलमला फोन लावला. ती म्हणाली, "मॅम, लाइन अच्छी है न? आप ही ने सिखाया था, पीठ पर कुछ भी चलता है."

"तेच चुकीचं शिकवलं. खोडून टाक."

मी मराठीत बोलले की मी चिडले आहे हे तिला सातवीपासून माहीत आहे. ती म्हणाली, "मॅम, ये मेरे हाथ में नहीं. वो लोग कह रहे हैं, चुप्पी में आदमी उठ के चला जाता है."

"एक दिवस दे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकली ओट्यासमोर पाटावर बसली होती. पुढ्यात मटारची परात. तो मोसमच मटारचा होता, मी काही मुद्दाम जमवून आणलं नव्हतं. मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि सहा भागांत काय झालं ते थोडक्यात सांगितलं. मग तो प्रसंग लावला, आणि त्या पाठीवर ते वाक्य मी स्वतः म्हटलं, जमेल तेवढ्या भावनेनं. रामकली म्हणाली, "अच्छा, महतारी भूल गई. बेचारी." आणि मान खाली घालून मटार सोलायला लागली. माझं वाक्य संपलं नव्हतं, तरी ती परातीत बघत होती. तिला कळलं होतं, मग बघायचं कशाला?

दुपारी जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "रामकली, सुबह वाला एक बार और देख ले." या वेळी मी गप्प बसले. खुर्ची दाखवली, मुलगी बसली, मटार घेतले. रामकलीच्या हातात ताट होतं, ते तसंच राहिलं. अकरा सेकंद तिची नजर पडद्यावरून हलली नाही. प्रसंग संपल्यावर ती ताट ठेवून आत गेली, आणि थोड्या वेळानं आतूनच म्हणाली, "लड़की ने बताया काहे नहीं कि मैं तेरी हूँ?"

मी म्हटलं, "तू होती तो बताती?"

ती दारात आली. "नहीं. मटर छील देती."

मी नीलमला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. सकाळी वाक्य ऐकताना रामकलीनं नजर काढली आणि दुपारी शांततेत ती जागची हलली नाही, म्हणजे कंपनीचं म्हणणं नेमकं उलटं आहे. नीलम म्हणाली, "मॅम, मैं मीटिंग में ये कैसे बोलूँ? कि ग्वालियर में एक रामकली जी हैं?"

"बोल. तुमच्या मीटिंगमध्ये बसलेल्यांपैकी मटार सोलणारं कोण आहे?"

मग मी नियमाप्रमाणे रकाना भरला. पात्र, सुरुवात, शेवट, 'चुप है.' खाली लिहिलं की हे वाक्य घालणार असाल तर अनुवादकांच्या नावांतून माझं नाव काढावं. नीलम फोनवर म्हणाली, "मॅम, वो नाम तो इतने छोटे आते हैं, कोई पढ़ता भी नहीं."

"मी वाचते," मी म्हटलं.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. तिची नोकरी होती, घरचे हप्ते होते, आणि माझं वय झालं होतं. हट्टाची किंमत मला पडत नव्हती, तिला पडत होती. हे मला कळत होतं, तरी मी हट्ट सोडला नाही. त्याबद्दल मला थोडं वाईट वाटतं. फार नाही.

उन्हाळ्यात तो भाग आला. आजोबा, मी आणि रामकली, तिघं दुपारी कूलरसमोर बसलो. रामकलीला सगळं पाठ होतं, पण ती खुर्ची न घेता पुढे सरकून बसली. आई मटार सोलते. मुलगी येते. आई खुर्ची दाखवते. मुलगी पाठ करून बसते. माझा हात आपोआप आजोबांच्या स्टॉपवॉचकडे गेला. त्यांनी ते आधीच सुरू केलं होतं.

कुणी बोललं नाही. शेंगा फुटण्याचा आवाज तेवढा येत होता. आजोबांनी बटण दाबून घड्याळ माझ्यासमोर धरलं. अकरा.

रामकली म्हणाली, "अब ठीक है," आणि चहा टाकायला उठली.

मी मात्र बसून राहिले, शेवटची नावं यायची होती म्हणून. ती आली. खालपर्यंत बघितली, मागे नेऊन पुन्हा बघितली. माझं नाव नव्हतं.

मी नीलमला फोन केला. ती म्हणाली, "मॅम, नाम और चुप्पी, दोनों में से एक ही बचता. मैंने उनसे कह दिया कि पुरानी अनुवादक को हटा दिया, अब कोई दिक़्क़त नहीं. वो ख़ुश हो गए. फिर किसी ने फ़ाइल दोबारा सुनी ही नहीं." मग तिनं विचारलं, "आप नाराज़ हैं?"

मी म्हटलं, "नीलू, शंभरपैकी शंभर."

शाळेत मी कुणालाच शंभर देत नसे, हे तिला ठाऊक आहे.

त्या उन्हाळ्यापासून मला काम आलेलं नाही, आणि येईल असं वाटत नाही. आरसा मी रामकलीला दिला. वह्या वर्षांप्रमाणे लावून लोखंडी कपाटात ठेवल्या आहेत. तुम्ही आलात की बघा. चिन्मय, तू खुशाल म्हण की मालिका बिघडल्या. बऱ्याच बिघडल्या आहेत, आणि एकदा तर मीच बिघडवली आहे. पण कचरा म्हणायच्या आधी तो सातवा भाग लाव. हिंदीत लाव. मोबाइल बाजूला ठेव. आई खुर्ची दाखवते तिथून मोजायला सुरुवात कर. माझं नाव कुठेही नाही. ते अकरा सेकंद तिथे आहेत.